गरोदर असताना पीआयपी हातात आला: नोकरी, रजा आणि तारखांचा हिशोब

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही राहिलं असेल तर तुम्हाला लगेच कळेल. खासगी कंपनीत तुम्हाला साडेतीन वर्षं झाली. आधीच्या दोन्ही वर्षांचं रेटिंग ‘अपेक्षेपेक्षा चांगलं’ होतं. चौदाव्या आठवड्यात तुम्ही मॅनेजरना तोंडी सांगितलं की बाळ येणार आहे. सतराव्या आठवड्यात कामातल्या चुका दाखवणारा पहिला ईमेल आला. आता वीस आठवडे पूर्ण होताहेत आणि हातात साठ दिवसांचा पीआयपी आहे, म्हणजे कामगिरी सुधारण्याची लेखी मुदत. वर एचआरने सांगितलं, ‘स्वतःहून राजीनामा दिलात तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल.’ तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: गरोदर असताना काढू शकतात का, पीआयपीवर सही करू का, आणि रजेचे पैसे बुडतील का.

बाकी सगळं नंतर. आधी एवढंच, की राजीनामा देऊ नका. आज नाही आणि पुढच्या बैठकीत कुणी कितीही गोड बोललं तरी नाही.

मी गेली एकोणीस वर्षं कामगार कायद्यात वकिली करते आणि त्याआधी सहा वर्षं एचआरमध्ये नोकरी केली. ‘स्वतःहून’ या शब्दाला एवढं वजन का असतं, ते मी दोन्हीकडून पाहिलं आहे. कायदा नोकरीवरून काढलं जाण्यापासून संरक्षण देतो. तुम्ही स्वतः निघून गेलात की तुम्हाला कुणी काढलेलंच नसतं. मग दबावाखाली सही केली हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं आणि ते फार जड असतं.

माझ्याकडे एक मुलगी आली होती, सातव्या महिन्यात. संध्याकाळी पावणेसहाला तिला छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. समोर राजीनाम्याचा कागद आधीच छापून ठेवलेला. ती रडत होती, तिने सही केली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिने तो कागद मला दाखवला, तेव्हा माझी नजर पहिल्याच ओळीवर अडकली. तिच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं. स्वतःचं आडनाव चुकीचं कोण लिहितं? त्याच दुपारी आम्ही लेखी कळवलं की हा मजकूर तिचा नाही, सही दबावाखाली घेतली आहे आणि ती राजीनामा मागे घेते. पुढे कंपनी तडजोडीला आली. पण एका चुकलेल्या अक्षरावर सगळी भिस्त ठेवावी लागणं ही काही बरी अवस्था नव्हे. तुम्ही सहीच केली नाही, तर ही वेळच येणार नाही.

आता मूळ अडचणीकडे येते. ‘गरोदर बाईला काढता येतं का?’ असं प्रत्येकीला विचारावंसं वाटतं, पण प्रकरणं या प्रश्नावर सुटत नाहीत. गरोदरपणात कामाचं मूल्यमापन करायला कायद्याने मनाई नाही. तुमच्याबरोबरच्या सगळ्यांचा आढावा होत असेल तर तुमचाही होईल, आणि खरी चूक असेल तर ती दाखवण्याचा अधिकार कंपनीला आहे. खरा प्रश्न असा की बाळाची बातमी दिली नसती, तर हाच पीआयपी याच तारखेला आला असता का? मॅनेजरच्या मनात काय होतं ते कुणालाच दाखवता येत नाही, तारखा मात्र दाखवता येतात. तुमच्या प्रकरणात दोन वर्षं चांगलं रेटिंग आहे, बातमीनंतर तीन आठवड्यांत पहिली तक्रार आहे आणि सहा आठवड्यांत पीआयपी. हा क्रम बरंच बोलतो.

तो क्रम मांडायचं काम तुमचंच का, हेही सांगते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा मातृत्व संरक्षण करार (क्रमांक १८३) म्हणतो की गरोदर स्त्रीला काढलं, तर कारण गरोदरपण नव्हतं हे मालकाने सिद्ध करावं. भारताने तो करार स्वीकारलेला नाही. त्यामुळे आपल्याकडे निदान सुरुवातीला तरी कागद तुम्हालाच पुढे करावे लागतात. ‘लिहून ठेवा, लिहून ठेवा’ असं मी प्रत्येकीच्या मागे लागते ते यासाठीच.

कायदा काय म्हणतो ते पाहू. वर्षानुवर्षं हा विषय १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याखाली होता. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि या तरतुदी तिच्या सहाव्या प्रकरणात आल्या. जुन्या कायद्यातलं कलम १२ म्हणजेच संहितेतलं कलम ६८, असं समजा. आशय तोच आहे. त्यात दोन वेगवेगळी संरक्षणं आहेत आणि लोक त्यांची नेहमी सरमिसळ करतात.

पहिलं संरक्षण रजेवर असतानाचं. कायद्याप्रमाणे प्रसूती रजेवर असलेल्या स्त्रीला त्या काळात किंवा त्या गैरहजेरीमुळे काढणं बेकायदा आहे. रजेच्या काळात मुदत संपेल अशा बेताने नोटीस देणंही बेकायदा आहे. तिच्या सेवाशर्ती तिचा तोटा होईल अशा बदलणं, तेही बेकायदा. इथे कंपनीला मोकळीक जवळजवळ नाहीच.

दुसरं संरक्षण रजेच्या आधीचं, म्हणजे तुमच्या आजच्या परिस्थितीतलं. यात कायद्याचे शब्द जरा वेगळे आहेत. गरोदरपणात कधीही काढलं, तरी एरवी मिळाला असता तो मातृत्व लाभ (रजेच्या काळाचे पैसे) आणि वैद्यकीय बोनस (बाळंतपणाच्या उपचारांसाठीची रक्कम) बुडत नाही. म्हणजे पैसे सुरक्षित आहेत. नोकरी मात्र या एका वाक्याने आपोआप वाचत नाही, आणि हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पैशांच्या या संरक्षणाला अपवाद एकच, गंभीर गैरवर्तनाचा, आणि तोही लेखी आदेशानेच. गंभीर गैरवर्तन म्हणजे काय ते नियमांत दिलेलं असतं: मालमत्तेची जाणूनबुजून नासधूस, कामाच्या जागी वरिष्ठांना किंवा सहकाऱ्यांना मारहाण, चोरी किंवा अफरातफर, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कोर्टाकडून शिक्षा, अशा गोष्टी. टार्गेट पूर्ण न होणं, रिपोर्ट उशिरा जाणं, ‘पुढाकार कमी’ असणं, यातलं काहीही त्यात बसत नाही. तेव्हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. कामगिरीचं कारण दाखवून काढलं तरी सव्वीस आठवड्यांचे पैसे बुडत नाहीत. अट एवढीच, की अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या कंपनीत किमान ८० दिवस काम झालेलं असावं. ते तुमचं झालेलं आहे. (दोन किंवा जास्त मुलं हयात असतील तर रजा बारा आठवड्यांची असते. तुमचं हे पहिलं बाळ आहे, म्हणून तो मुद्दा सोडते.)

आता एक वही घ्या आणि माझ्याबरोबर आठवडे मोजा. तुमच्या प्रश्नाची किल्ली मला इथेच दिसली.

आज वीस आठवडे. साठ दिवस म्हणजे साडेआठ आठवडे. पीआयपी संपेल तेव्हा तुम्ही साधारण साडेअठ्ठावीस आठवड्यांच्या असाल. सव्वीस आठवड्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात, म्हणजे बत्तीस आठवडे पूर्ण झाले की तुम्ही रजेवर जाऊ शकता. पीआयपीचा शेवट आणि रजेची सुरुवात यांत साडेतीन आठवड्यांचं अंतर आहे. हा योगायोग असेलही. पण एचआरमध्ये असताना मी अशी कॅलेंडरं जुळवताना पाहिली आहेत, म्हणून मी ते अंतर मोजल्याशिवाय सोडत नाही.

पुढे मोजा. तुमच्या नेमणूकपत्रात दोन महिन्यांची नोटीस आहे असं तुम्ही लिहिलंय. पीआयपी ‘नापास’ करून त्यांनी साडेअठ्ठाविसाव्या आठवड्यात नोटीस दिली, तर ती संपणार सदतिसाव्या आठवड्यात. तुम्ही बत्तिसाव्या आठवड्यात रीतसर रजेवर गेलात, तर नोटिशीची मुदत रजेच्या काळात संपते आणि कायदा नेमकी हीच गोष्ट बेकायदा ठरवतो. यातून सुटायला त्यांच्याकडे एक वाट उरते: नोटिशीऐवजी दोन महिन्यांचा पगार देऊन त्याच दिवशी मोकळं करणं. तसं झालं तर मातृत्व लाभ तुमचाच राहतो, आणि काढण्याचं कारण खरं होतं का यावर वेगळा वाद घालता येतो.

पण हे सगळं ‘रीतसर रजा’ या दोन शब्दांवर उभं आहे. रीतसर म्हणजे लेखी सूचना: कोणत्या तारखेपासून गैरहजर राहणार, लाभाचे पैसे कुणाला द्यायचे, आणि या काळात दुसरीकडे काम करणार नाही. तुम्ही अजून फक्त तोंडी सांगितलंय. कागदोपत्री कंपनीला आज काहीच माहीत नाही आणि उद्या ते म्हणू शकतात, ‘पीआयपी दिला तेव्हा आम्हाला कल्पनाच नव्हती.’ ही फट आधी बुजवा. डॉक्टरांकडून गरोदरपणाचा आणि अपेक्षित तारखेचा दाखला घ्या. तो जोडून मॅनेजर आणि एचआर दोघांना एकच ईमेल करा. कार्यालयात ज्या भाषेत पत्रव्यवहार चालतो त्या भाषेत लिहा, पण आशय असा ठेवा: ‘अमुक तारखेला आपल्या केबिनमध्ये मी आपल्याला माझ्या गरोदरपणाविषयी सांगितलं होतं. त्याची लेखी नोंद व्हावी म्हणून हा ईमेल. प्रसूतीची अपेक्षित तारीख अमुक असून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. अमुक तारखेपासून प्रसूती रजेवर जाण्याचा माझा विचार आहे.’ बस. तक्रार नको, आरोप नकोत. तोंडी बोलण्याची तारीख मात्र नक्की घाला. त्या दिवशी मॅनेजरने ‘अभिनंदन’ एवढा जरी मेसेज केला असेल, तर तो जपून ठेवा.

पीआयपीवरच्या सहीचं म्हणाल, तर सही नाकारून भांडण ओढवून घेऊ नका. ‘कागद घ्यायलाच नकार दिला’ ही नोंद तुमच्या विरोधात वापरली जाते. सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा, ‘प्रत मिळाली. मजकूर मान्य नाही. लेखी उत्तर वेगळं देत आहे.’ खाली तारीख टाका. मग दोन-तीन दिवसांत उत्तर द्या.

उत्तर देण्याआधी पीआयपी शांतपणे, पेन्सिल घेऊन वाचा. मी अशी कागदपत्रं वाचते तेव्हा मला काय दिसतं ते सांगते. खरा पीआयपी नेमका असतो. कोणतं काम, कोणत्या तारखेला, काय चुकलं, आता काय करायचं, मदत कोण करणार, आढावा कधी, हे सगळं त्यात असतं. नावापुरत्या पीआयपीत विशेषणं असतात: ‘मालकीची भावना कमी’, ‘ऊर्जा दिसत नाही’, ‘उपलब्धतेचा प्रश्न’. या ‘उपलब्धते’खाली रेघ मारा. बहुतेक वेळा त्याचा अर्थ तपासणीसाठी घेतलेल्या सुट्ट्या किंवा उलट्यांमुळे उशिरा आलेले दिवस असा निघतो. तसं असेल तर एकेक दिवस डॉक्टरांच्या कागदाशी जोडून दाखवा. गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी प्रसूती रजेव्यतिरिक्त आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजेची तरतूदही कायद्यात आहे, दाखला लागतो. त्या आजारपणाला ‘अनियमितता’ म्हणून मोजलं असेल तर तो तुमचा मुद्दा आहे, त्यांचा नाही.

दुसरं, उद्दिष्टं बघा. तुमच्या टीममधल्या इतरांना हीच आहेत का? साठ दिवसांत पूर्ण होण्यासारखी आहेत का? एका बाईंच्या पीआयपीत दर पंधरवड्याला चार दिवसांचा प्रवास टाकलेला होता आणि त्या तेव्हा सव्वीस आठवड्यांच्या होत्या. त्यांच्या कामात त्याआधी प्रवास नव्हताच. आम्ही उत्तरात फक्त एवढंच विचारलं, की ही अट टीममधल्या आणखी किती जणांना आहे? पुढच्या आठवड्यात सुधारित पीआयपी आला आणि प्रवास गायब होता. प्रसूतीच्या आधीच्या शेवटच्या अडीच महिन्यांसाठी तर कायदाच सांगतो, की तिने विनंती केली तर कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं, आईला वा बाळाला अपाय होईल असं काम तिला देता येत नाही. ही विनंतीही लेखीच करा.

तिसरं, ‘पूर्वीच्या सूचना’ या रकान्यात काय लिहिलंय ते पाहा. ‘वारंवार सांगूनही’ असं असेल तर नम्रपणे विचारा, ‘कधी सांगितलं त्याच्या तारखा कळवाव्यात.’ तारखा आल्या नाहीत तर ते मौनही कागदावर येतं.

उत्तर लांबलचक नको. दोन पानांत आधीची रेटिंग्ज, बातमी दिल्याची तारीख, पहिल्या तक्रारीची तारीख, मुद्देनिहाय खुलासा आणि ‘मी पूर्ण सहकार्य करून काम करत राहीन’ हे वाक्य. शेवटचं वाक्य उपचार म्हणून लिहू नका. काम खरंच करा, आणि दर शुक्रवारी आठवड्यात काय पूर्ण झालं त्याचा पाच ओळींचा ईमेल मॅनेजरला पाठवा. आठ आठवड्यांचे आठ ईमेल. तुम्ही प्रयत्नच केले नाहीत असं नंतर कुणाला म्हणता येत नाही. तोंडी बैठक झाली की त्याच संध्याकाळी लिहा, ‘आज आपण जे बोललात ते मला असं समजलं.’ राजीनाम्याची ती सूचना झाली त्याबद्दलही असाच एक शांत ईमेल जाऊ दे: ‘राजीनाम्याचा पर्याय आपण सुचवलात. माझी राजीनामा देण्याची इच्छा नाही.’

इथे एक सावधगिरी, आणि ती कळकळीने सांगते, कारण यात चांगल्या चांगल्या बायका फसल्या आहेत. पुरावा जमवायच्या घाईत कंपनीच्या फाइली, ग्राहकांचा डेटा, दुसऱ्यांची रेटिंग्ज स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवू नका. तोवर कंपनीकडे तुमच्याविरुद्ध फक्त ‘कामगिरी’ असते. असं केलंत की तुम्ही त्यांच्या हातात गैरवर्तनाचं कारण देता, आणि वर पाहिलंत तसं, पैसेही धोक्यात येतात ते फक्त गंभीर गैरवर्तनाने. तुमच्या नावाने तुम्हाला दिलेले कागद, म्हणजे नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, रेटिंगची पत्रं, पीआयपी आणि स्वतःची उत्तरं, यांच्या छापील प्रती घरी ठेवा. तेवढं पुरतं.

काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही सांगते. पैशाचा मुद्दा पक्का आहे असं मी म्हटलं. नोकरी परत मिळवण्याचा मुद्दा तुम्ही कायद्याच्या भाषेत ‘कामगार’ आहात का, यावर बराच अवलंबून आहे. पदाचं नाव बघू नका, प्रत्यक्ष काम बघा. तांत्रिक, कारकुनी, कौशल्याचं काम स्वतःच्या हाताने करणारी व्यक्ती पगार जास्त असला तरी कामगार असू शकते. मुख्यतः व्यवस्थापन करणारी व्यक्ती त्यात येत नाही, आणि देखरेख करणारी व्यक्ती औद्योगिक संबंध संहितेनुसार महिना १८,००० रुपयांहून जास्त पगार असेल तर येत नाही. कामगार असाल तर औद्योगिक न्यायाधिकरण पुन्हा कामावर घेण्याचा आदेश देऊ शकतं. नसाल तर खासगी कंपनीला ‘हिला परत घ्या’ असं भाग पाडणं अवघड असतं आणि लढाई मुख्यतः भरपाईची होते. तुम्ही पद ‘असिस्टंट मॅनेजर’ लिहिलंय, पण हाताखाली कुणी नाही आणि दिवसभर विश्लेषणाचं काम स्वतः करता असंही लिहिलंय. मग केवळ पदनाम बघून कामगार नाही असं कुणी सांगितलं तर लगेच मानू नका.

पगार २१,००० रुपयांपर्यंत असून राज्य कामगार विमा लागू असेल, तर पैसे महामंडळाकडून मिळतात आणि वाट थोडी वेगळी होते. तुमचा पगार त्यापुढचा आहे, त्यामुळे लाभ कंपनीनेच द्यायचा.

प्रोबेशनवर किंवा मुदतीच्या करारावर असलेल्या मैत्रिणींना वाटतं, आपल्याला काहीच नाही. तसं नाही. नीरा माथुर विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या १९९१ च्या निकालात प्रोबेशनवर असताना काढलेल्या स्त्रीला सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं, आणि नोकरीच्या अर्जात मासिक पाळी-गरोदरपणाची खासगी माहिती मागण्यावर कडक शब्दांत बोट ठेवलं. २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं, की कराराची मुदत मध्येच संपली तरी मातृत्व लाभ पूर्ण द्यावा लागेल. आणि तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचा निकाल २८ फेब्रुवारी २०२५ चा. मध्य प्रदेशातल्या प्रोबेशनवरच्या दोन महिला दिवाणी न्यायाधीशांना कामगिरी असमाधानकारक म्हणून काढलं होतं. त्यातल्या एकीचा त्याच काळात गर्भपात झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने दोघींना काढण्याचे आदेश रद्द केले आणि त्यांना सेवेत परत घ्यायला सांगितलं. आकडे मोजताना त्या काळात बाई कोणत्या अवस्थेतून जात होती हे न बघणं न्याय्य नाही, हा त्या निकालाचा गाभा मला फार महत्त्वाचा वाटतो. ती सरकारी सेवा होती, तिथे राज्यघटनेतला समानतेचा हक्क थेट लागू होतो. खासगी कंपनीच्या बाबतीत हा निकाल जशाच्या तसा चालणार नाही. पण युक्तिवादात तो मांडता येतो आणि मी मांडते.

एक उलट उदाहरणही देते, नाहीतर चित्र एकतर्फी होईल. एका बाईंना गरोदर राहण्याच्या आधीच्या वर्षात तीन लेखी ताकिदी मिळालेल्या होत्या, तिन्ही तारखांसह, तिन्ही नेमक्या. चौथ्या महिन्यात त्यांना काढलं. कागद वाचून मी पहिल्याच भेटीत सांगितलं, की नोकरीसाठी लढण्यात तुमची शक्ती जाईल, पैशासाठी लढू. त्यांना ते ऐकून वाईट वाटलं, मलाही सांगताना वाटलं. पण मातृत्व लाभ पूर्ण मिळाला. तुमच्या आधीच्या दोन वर्षांत असं काही असेल आणि तुम्ही ते लिहायचं टाळलं असेल, तर वकिलाला तरी नक्की सांगा.

कंपनी तडजोड सुचवण्याची शक्यता बरीच आहे. तेव्हा मातृत्व लाभ हा तुमचा हक्क आहे, तडजोडीत त्यांनी दिलेली भेट नव्हे, हे ध्यानात ठेवा. ‘तीन महिन्यांचा पगार देतो, विषय संपवू’ असं म्हणतील तर हिशोब करा. लाभ म्हणजे सव्वीस आठवडे, १८२ दिवस, रजेआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी रोजाने. तो आधी बाजूला काढा, नोटिशीचा पगार मिळवा, साठलेली रजा मिळवा, आणि त्यावर काय देताय ते विचारा. आणि बहुतेक जणी विसरतात ती गोष्ट म्हणजे कंपनीचा गट आरोग्य विमा. नोकरी संपली की तो संपतो, आणि गरोदर राहिल्यावर घेतलेल्या नव्या पॉलिसीत या प्रसूतीचा खर्च सहसा बसत नाही. विमा प्रसूतीनंतरपर्यंत चालू राहील, हे तडजोडीच्या कागदात शब्दांत आलं पाहिजे.

‘नेमणूकपत्रात दोन महिन्यांच्या नोटिशीवर कुणालाही काढू शकतो असं कलम आहे, त्यावर तुम्ही सही केली आहे’ हे वाक्य बैठकीत हमखास येतं. करारातलं कलम कायद्याच्या विरुद्ध जात असेल तर तिथे कायदाच चालतो.

काढलंच, तर आदेश लेखी मागा आणि तो हातात पडल्याची तारीख लिहून ठेवा. त्या दिवसापासून ६० दिवसांत सक्षम अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. बाळंतपणाच्या धावपळीत हीच मुदत निघून जाते, म्हणून ती आजच घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा. लाभाचे पैसे अडवले तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करा. तिथल्या निरीक्षकाला चौकशी करून पैसे द्यायला लावण्याचा अधिकार आहे. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही, मोफत वकील मिळतो. कंपनीतली अंतर्गत तक्रार समिती मात्र लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असते. मॅनेजर तुमच्या शरीराविषयी काही अश्लाघ्य बोलले असतील तरच तिकडे जा, एरवी त्यात वेळ जाईल.

तुम्ही शेवटी विचारलंत, ‘सोमवारच्या बैठकीला नवऱ्याला बरोबर नेऊ का?’ कंपनी बहुधा त्यांना आत येऊ देणार नाही आणि त्यावरून सुरुवातीलाच वाद होईल. त्यांना बाहेर, फोनजवळ बसू दे. तुम्ही आत जाताना वही, पेन, पाण्याची बाटली घ्या. कोणताही कागद समोर आला तर ‘घरी वाचून उत्तर देते’ एवढंच म्हणा. दमल्यासारखं वाटलं, पोट ओढल्यासारखं वाटलं, तर बैठक तिथेच थांबवून उठा आणि नंतर तसं ईमेलमध्ये लिहा.

आणि तो पहिला ईमेल, दाखला जोडलेला, सोमवारच्या बैठकीआधी गेला पाहिजे. दाखला उद्या मिळणार असेल तर सोनोग्राफीच्या रिपोर्टवर अपेक्षित तारीख छापलेली असते. आज रात्री तोच जोडून पाठवा.